जुन्या फ्रेंच मिठाईच्या डब्या : पारख, खरेदी आणि सांगलीच्या हवेतील जपणूक

जुनी फ्रेंच मिठाईची डबी हाती आली की नजर आधी झाकणावरच्या चित्राकडे जाते, आणि विकणाऱ्यालाही तेच हवे असते. झाकण हा डबीचा सर्वांत बोलका भाग आहे, पण त्याच्यावर सर्वांत कमी विसंबावे. चित्र नंतर चिकटवता येते, सोनेरी किनार नव्याने लावता येते. मात्र झाकणाच्या आतल्या रेशमावर छापलेले हलवायाचे नाव, आतल्या कडेला अर्धवट उरलेली कागदी जाळी, बिजागरीखाली उजेड न लागल्यामुळे टिकून राहिलेला मूळ रंग आणि तळाच्या कोपऱ्यात अडकलेले साखरेचे दोन कण यांची बनावट करण्याच्या खटाटोपात सहसा कोणी पडत नाही. सांगलीत राहून अशा डब्या जमवू पाहणाऱ्यांसाठी, किंवा घरात एखादी डबी वारशाने आली आहे आणि तिचे काय करावे हे कळत नाही अशांसाठी, मी हे लिहीत आहे. पहिली काही वर्षे मी स्वतः झाकणेच विकत घेत होते, हे आधीच कबूल करते.

प्रथम नावे समजून घ्यावीत, कारण विक्रीच्या याद्यांत ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली आढळतात. 'बाँबाँ' म्हणजे गोळी किंवा मिठाई, आणि ती ठेवण्याची शोभिवंत डबी म्हणजे 'बाँबाँनिएर'. त्याहून जुना शब्द 'द्राझ्वार', म्हणजे 'द्राझे' ठेवण्याचे पात्र. द्राझे म्हणजे साखरेची पुटे चढवलेला बदाम. संक्रांतीला घरी हलवा केलेल्या माणसाला द्राझेची कृती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मंद आचेवरच्या परातीत खसखस किंवा तीळ घेऊन त्यावर चमचा चमचा पाक सोडायचा, बोटांनी दाणे हलवत राहायचे, एक पुट वाळले की दुसरे द्यायचे, हेच काम फ्रान्समध्ये विस्तवावर टांगलेल्या, झोके देता येणाऱ्या मोठ्या कढईत चाले. फरक एवढाच, की आपल्याला हलव्यावर काटा हवा असतो आणि त्यांना द्राझे काचेसारखा गुळगुळीत हवा असतो. मध्ययुगात साखर ही औषधविक्याकडे मिळणारी महाग वस्तू होती. साखरेत घोळवलेले मसाले जेवणानंतर पचनासाठी खाल्ले जात, जसे आपण बडीशेप खातो. त्यामुळे ती ठेवण्याची पात्रेही श्रीमंतांच्या घरी सोन्याचांदीची असत.

पुढे साखर स्वस्त झाली, तरी डबीचा मान कमी झाला नाही, आणि त्याचे कारण फ्रेंच चालीरीतींत आहे. बाळाच्या बाप्तिस्म्याला पाहुण्यांना द्राझे वाटायचे आणि त्याचा खर्च धर्मपित्याने करायचा, अशी तिथली रीत. आपण बारशाला घुगऱ्या वाटतो तसेच ते; पण घुगऱ्या ओंजळीत किंवा द्रोणात जातात, तर तिथे द्राझे बाळाचे नाव आणि तारीख छापलेल्या डबीतून जात. १ जानेवारीला 'एत्रेन' म्हणजे नववर्षाची भेट देण्याची प्रथा होती, आणि त्या सुमारास पॅरिसमधील मिठाईच्या दुकानांत डब्यांचीच चढाओढ लागे. मिठाई चार दिवसांत संपायची. डबी मात्र पुढे हातमोजे, फिती, पत्रे, बाळाचे जावळ असे काही ना काही सांभाळत घरात राहायची. बनवणाऱ्यांनाही हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर मिठाईच्या मानाने डबीवर इतकी मेहनत घेतलेली दिसते. संग्राहकाला वाटणारी ओढ इथूनच सुरू होते. तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूत पुठ्ठेकाम, ठशाचे काम, शिळाछपाई, वर्ख, रेशीम आणि कधी आरसा अशा पाच-सहा कारागिरांचे हात एकत्र आलेले असतात, आणि वर ती कोणाच्या तरी घरातल्या एका ठरावीक दिवसाची वस्तू असते.

काय जमवायचे हे मात्र आधी ठरवावे, नाहीतर दोन वर्षांत कपाट भरते आणि संग्रह होत नाही. माझे मत विचाराल तर सुरुवात पत्र्याच्या डब्यांपासून करावी. बर्गंडी प्रांतातील फ्लाव्हिन्यी गावची बडीशेपेच्या जातीच्या दाण्याभोवती साखरेची पुटे दिलेली गोळी मेंढपाळ आणि त्याच्या प्रियेचे चित्र असलेल्या लंबगोल डबीत मिळते. तुलूझ येथील औषधविक्रेते लेओं लाझोनी यांनी १८८० मध्ये काढलेल्या काळ्या गोळ्यांची पिवळी गोल डबी तर खिशातल्या घड्याळाच्या कप्प्यात बसेल एवढीच आहे. त्या गोळ्यांना 'काशू' म्हणतात, आणि काशू म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपल्या विड्यातला कात. खैराच्या झाडाचा तो अर्क पोर्तुगीजांच्या मार्फत नावासकट युरोपात गेला. नान्सी शहराच्या बर्गामोट (लिंबाच्या जातीचे सुवासिक फळ) गोळ्यांचे, एक्स शहराच्या कालिसाँ या बदामाच्या मिठाईचे, नाँत येथील १८४६ च्या लफेव्र-युतिल या बिस्किट कंपनीचे डबेही याच वर्गात येतात. या शेवटच्या कंपनीसाठी अल्फॉन्स मुखा यांनी चित्रे काढली होती. एक्सच्या कालिसाँची डबी त्या मिठाईच्याच, म्हणजे शंकरपाळ्याच्या, आकाराची असते, हे पाहून आमच्याकडे येणारी मुले हमखास हसतात. पत्र्याच्या डब्यांतला धोका एवढाच, की यांपैकी काही गोळ्या आजही बनतात आणि जुन्याच वळणाच्या डब्यांत विकल्या जातात. तळावर घटकांची यादी किंवा बारकोड असेल, तर तिला जुनी म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नये.

खरी मौज पुठ्ठ्याच्या डब्यांत आहे. फ्रेंचमध्ये या कामाला 'कार्तोनाज' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ते बहरले, आणि पॅरिसमधील मिठाईवाल्यांनी त्याचा मनसोक्त वापर केला. जाड पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर रंगीत किंवा पांढरा कागद, कडांना ठशाने उठाव दिलेल्या सोनेरी कागदाच्या पट्ट्या, झाकणावर शिळाछापाचे चित्र, त्यावर डिंकाची चकाकी, आत गुलाबी कागद किंवा सॅटिन, आणि काठाला मिठाईवर दुमडली जाणारी नाजूक कागदी जाळी, अशी साधारण रचना असते. मिठाई काढताना ही जाळीच सर्वांत आधी फाटते. म्हणून जाळी शाबूत असलेली डबी आणि नसलेली डबी यांच्या मोलात फरक पडतो. पोर्सेलीन, ओपलीन म्हणजे दुधाळ काच आणि चांदी यांकडे अनुभव आल्यावर वळावे. फ्रान्समधील लिमोझ शहराच्या पोर्सेलीनचा इतिहास मोठा आहे. जवळच्या सँत-इरिए येथे १७६८ मध्ये केओलिन माती सापडली आणि १७७१ पासून लिमोझमध्ये पोर्सेलीन बनू लागले. पण बिजागरीच्या ज्या चिमुकल्या लिमोझ डब्या आज बाजारात दिसतात, त्यांतील बहुसंख्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. त्या सुंदर असतात. जुन्या म्हणून घेऊ नयेत, एवढेच.

आता पारख. त्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत. सराफ वापरतात ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग, नोटा तपासण्याची अतिनील किरणांची छोटी विजेरी, रंगकामाचा मऊ कुंचला आणि सकाळचा खिडकीतला उजेड, इतके पुरते. भिंग सांगलीच्या सराफ कट्ट्याच्या आसपास सहज मिळते.

पहिली तपासणी चित्राची. रंगीत शिळाछपाईचे, म्हणजे क्रोमोलिथोग्राफीचे, एकस्व (पेटंट) गोदफ्रुआ एंगेलमन यांनी १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, आणि छटा साधण्यासाठी कारागीर दगडावर हाताने ठिपके देत असे. भिंगाखाली हे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ दिसतात, आणि गालावरची लाली एखाद्या वेगळ्याच गुलाबी रंगाची असते. आधुनिक ऑफसेट छपाईत मात्र निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चारच रंगांचे नियमित ठिपके लहान फुलांसारख्या वर्तुळांत मांडलेले दिसतात. मी विकत घेतलेल्या पहिल्या 'दुसऱ्या साम्राज्याच्या काळातील' (म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या, १८५२ ते १८७० मधील) डबीवर टोपी घातलेली एक तरुणी होती. डबी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्या डोळ्यावर भिंग धरले, तर डोळ्याच्या जागी चार रंगांच्या फुलांची रांगोळी. पुठ्ठा खरोखर जुना होता, कडेचा सोनेरी कागदही जुना होता. फक्त जिच्यासाठी पैसे मोजले ती तरुणीच नवी होती. विकणाऱ्याने परतीच्या पत्राला उत्तर दिले नाही. तेव्हापासून चित्राच्या बारीक भागाचे, शक्य तर चेहऱ्याचे, भिंगातून काढलेले छायाचित्र आल्याशिवाय मी पुठ्ठ्याची डबी घेत नाही.

दुसरी तपासणी अंधारात करायची. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत आणि कापडांत पांढरेपणा वाढवणारी रसायने असतात, आणि ती अतिनील उजेडात निळसर पांढरी चमकतात. जुना कागद मंद पिवळट किंवा तपकिरी राहतो. सगळी डबी मंद आणि फक्त जाळी किंवा आतले अस्तर चमकत असेल, तर ती दुरुस्ती आहे असे समजावे. दुरुस्ती म्हणजे फसवणूक नव्हे, पण तिची किंमत वेगळी.

तिसरी तपासणी अक्षरांची, आणि माझ्या मते सर्वांत फलदायी तीच. तळ, झाकणाची आतली बाजू आणि अस्तराची कड नीट वाचावी. 'एस.जी.डी.जी.' ही चार अक्षरे असतील, तर ती एकस्वाविषयीची आहेत. 'सरकारची हमी नाही' असा त्यांचा अर्थ असून १८४४ च्या कायद्याने ती आली आणि १९६८ मध्ये गेली. 'देपोझे' म्हणजे नमुना नोंदवलेला. नुसता 'फ्रान्स' हा शब्द असेल, तर ती वस्तू बहुधा निर्यातीसाठी आणि १८९१ नंतर बनलेली असते, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक केले. मिठाईवाल्याच्या नावाखाली पदके छापलेली असतात. पॅरिसची विश्वप्रदर्शने १८५५, १८६७, १८७८, १८८९ आणि १९०० या वर्षी भरली, तेव्हा १८७८ चे पदक असलेली डबी त्याआधीची असणे शक्य नाही. दूरध्वनी क्रमांक असेल, तर आणखी पुढे यावे. दुकानाचे नाव ओळखीचे निघाले तर आनंद होतो. पॅरिसमधील 'आ ला मेर द फामीय' १७६१ चे, 'दबोव्ह ए गाले' १८०० चे, 'ब्वासिए' १८२७ चे, आणि रुआया येथून निघालेले 'मार्कीझ द सेव्हिन्ये' १८९८ चे. पण एक सावधगिरी बाळगावी. काही दुकाने अजून चालू आहेत आणि स्थापनेचे वर्ष नव्या डबीवरही छापतात. ते वर्ष दुकानाचे असते, डबीचे नव्हे. या एका गोष्टीवरून मी आजवर जितके गैरसमज ऐकले, तितके दुसऱ्या कशावरूनही ऐकले नाहीत.

चांदीच्या डबीवर शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीच्या डोक्याचा बारीक ठसा शोधावा. तो १८३८ पासून वापरात आहे. बाजूला १ हा आकडा असेल तर चांदी हजारात ९५०, आणि २ असेल तर ८००. इथे भिंगाला पर्याय नाही.

वासाचेही लिहिते, जरी ते शास्त्रात बसत नसले तरी. पुठ्ठ्याची जुनी डबी उघडली की जुन्या वहीचा आणि किंचित व्हॅनिलाचा वास येतो. कुबट वास आला तर बुरशी आहे किंवा होऊन गेली आहे. कासवाच्या पाठीसारखे दिसणारे झाकण बाजूला थोडे चोळल्यावर कापराचा वास आला, तर ते सेल्युलॉइडचे, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकचे, आहे. सेल्युलॉइड झटकन पेट घेते, आणि खराब होऊ लागले की शेजारच्या वस्तूंनाही बाधते, म्हणून ते वेगळे ठेवावे.

आणि कापराचा वास न येता झाकण खरोखरच कासवाच्या पाठीचे किंवा हस्तिदंताचे निघाले, तर ती डबी घेऊ नये. अठराव्या शतकातील अनेक उत्तम बाँबाँनिएर याच पदार्थांच्या आहेत. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि आंतरराष्ट्रीय करार यांमुळे त्या मागवणे अंगाशी येऊ शकते. दुसरा कायदाही १९७२ चाच आहे. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर पाठवण्यावर बंधने आहेत. म्हणजे परदेशातून मागवलेली डबी 'आवडली नाही तर परत पाठवू' या भरवशावर घेणे शहाणपणाचे नाही. सीमाशुल्काच्या वर्गवारीत शंभर वर्षांहून जुन्या वस्तू ९७ व्या प्रकरणात येतात. यासाठी विक्रेत्याकडून वस्तूचे वर्णन, साहित्य आणि अंदाजे काळ स्पष्ट लिहिलेले बिल घ्यावे, आणि शुल्काचा अंदाज आधी काढून ठेवावा. आत जुनी मिठाई शिल्लक असेल, तर ती तिकडेच काढून टाकायला सांगावे. ती अडचणीचीही ठरते आणि मुंग्यांचीही. पॅरिसचा द्रुओ लिलाव आणि सँ-तुआँचा जुना बाजार या दोन जागा या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहेत, आणि आपल्याला जवळचा म्हणजे मुंबईचा चोर बाजार. तिथे ब्रिटिश बिस्किटांचे डबे पुष्कळ दिसतात. फ्रेंच डबी क्वचित हाती लागते, पण ती हातात घेऊन पाहता येते, हा फायदा लहान नाही. पार्सल शक्यतो दिवाळीनंतर आणि होळीच्या आत पोहोचेल असे मागवावे. एकदा माझी सॅटिनची डबी ऐन जुलैत आली, आणि वाटेत ती ज्या प्लास्टिकच्या पिशवीत होती तिच्या आत दव धरले होते.

डबी घरी आल्यावर सांगलीची हवा हा पहिला शत्रू. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. पुठ्ठा या दोन्हींत आकुंचन-प्रसरण पावत राहतो आणि झाकण पिळते. कागद आणि रेशमासाठी हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. ६५ टक्क्यांच्या वर ती रेंगाळली की बुरशीला आमंत्रण मिळते. छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यात डब्या ठेवल्या, तर पावसाळा निभावतो. पुड्यांचा रंग बदलला की त्या मंद आचेवर वाळवून पुन्हा वापराव्यात. पाऊस चालू असताना कपाट उघडून पाहुण्यांना संग्रह दाखवण्याचा मोह आवरावा. डबी थेट वर्तमानपत्रात कधीही गुंडाळू नये, आम्लविरहित पातळ कागद वापरावा. कसर हा किडा पिठाच्या खळीवर जगतो, आणि या डब्या खळीने व सरसाने चिकटवलेल्या असतात. त्यासाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, डबीला न टेकता, ठेवण्याची जुनी पद्धत मला अजून उपयोगी पडते.

साफसफाई कोरडीच करावी. माझ्या एका बाप्तिस्म्याच्या डबीच्या सोनेरी किनारीवर धुळीचा थर होता. मी मऊ फडके पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, एकदाच फिरवले. फडक्यावर तपकिरी चिखल आला आणि किनारीच्या जागी खालचा पांढरा कागद दिसू लागला. ते सोने नव्हतेच, सरसावर बसवलेला पितळी वर्ख होता, आणि सरस पाण्यात विरघळतो. आता फक्त कुंचला वापरते, तोही आतून बाहेर. सुटलेली पट्टी चिकटवायची असेल, तर गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ करावी. ती पुढे गरज पडल्यास काढता येते. बाजारातला पांढरा गोंद आणि पारदर्शक चिकटपट्टी यांनी केलेले नुकसान मात्र भरून निघत नाही.

नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या वेळी माझ्या पुठ्ठ्याच्या डब्या माडीवर होत्या म्हणून वाचल्या, पण पत्र्याच्या डब्या 'पत्र्याला काय होते' या समजुतीने तळमजल्यावर राहिल्या. पाणी ओसरल्यावर गाळ वाळू न देता ज्या डब्या स्वच्छ पाण्याने लगेच धुऊन, सावलीत पंख्याखाली वाळवल्या, त्यांची चित्रे टिकली. ज्या दोन डब्या धावपळीत चार दिवस तशाच राहिल्या, त्यांच्या बिजागऱ्या गंजून गळाल्या आणि कडेचा रंग पापुद्र्यांनी सुटला. संग्रह माडीवरच ठेवावा, आणि पत्राही त्यातच मोजावा.

प्रत्येक डबीची नोंद वेगळ्या वहीत करावी. मापे मिलिमीटरमध्ये, साहित्य, वाचता आलेली सगळी अक्षरे जशीच्या तशी, भिंगाखाली काय दिसले, कोठून व केव्हा घेतली, आणि काय दुरुस्त केले. दुरुस्तीची नोंद लपवू नये, ती विकताना तुमच्याच बाजूने बोलते. डबीवर शाईने क्रमांक घालू नये. आम्लविरहित कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती चिठ्ठी आत सैल ठेवावी, टाचणी लावू नये. आणि तळाच्या कोपऱ्यात साखरेचे जुने कण सापडलेच, तर ते झटकून न टाकता काचेच्या छोट्या कुपीत घालून तोच क्रमांक कुपीवर घालावा. माझ्याकडे अशा तीन कुप्या आहेत.